धामणीला ओठ नसतात

द्वारकाबाईचा पाय रानात मोडला असता तर तिला एवढा राग आला नसता. चाळीस वर्षं ती कुरुंदा गावच्या काळ्या मातीत राबली होती. हळदीच्या सऱ्यांतून पाणी फिरवलं, काढणीच्या ढेकळांवरून अनवाणी चालली, एकदा विंचू चावला, एकदा बैलानं शिंगावर घेतलं, पण हाड कधी मोडलं नाही. मोडलं ते घरात, लेकानं हौसेनं बांधलेल्या न्हाणीघरात. शिवशंकरनं तिथली चकाकती फरशी वसमतला जाऊन स्वतः निवडली होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई त्या फरशीवरून घसरली आणि घोट्याच्या वर दोन ठिकाणी हाड तडकलं.

"फरशी चांगली हाय माय, तूच पाय बराबर टाकला न्हाई," शिवशंकर म्हणाला. तो वसमतला खतांच्या दुकानात कामाला होता. सकाळी मोटारसायकलवर जायचा तो दिवेलागणीलाच परत यायचा.

"व्हय रे बाबा, फरशीचा काय दोष," द्वारकाबाई म्हणाली. "चाळीस वरसं दगडावर न्हाले, तीच माझी चूक."

डॉक्टरनं गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, दोन महिने पाय टेकायचा नाही अशी तंबी दिली आणि निघताना म्हणाला, "रोज सकाळ-संध्याकाळ ग्लासभर दूध प्यायचं, आजी." या एका वाक्यातल्या दोन गोष्टी तिला डाचल्या. तिला नुकतं सत्तावन्नावं लागलं होतं, आणि आजी म्हणायचा हक्क फक्त सात महिन्यांच्या नातीला होता. ती तर अजून बोलतही नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे दूध. दुधाचा वास तिला लहानपणापासून सहन व्हायचा नाही. पण हे बोलणं तिच्या नवऱ्यानं, ग्यानबानं ऐकलं होतं. शिकलेल्या माणसाचं वाक्य एकदा कानावर पडलं की ग्यानबा त्याला चिकटून बसायचा. घरी तांबडी नावाची लाल कंधारी गाय नुकतीच व्याली होती. डॉक्टरनं सांगितलं आणि देवानं दिलं, असं म्हणून तो रोज दोन्ही वेळा स्वतः धार काढून ग्लास भरू लागला.

घरी आणल्यावर बाज कुठं टाकायची यावरून पहिली लढाई झाली. शिवशंकरचं म्हणणं, पुढच्या खोलीत टाकू, तिथं टीव्ही आहे, वेळ जाईल. द्वारकाबाई म्हणाली, "मागल्या दारात टाका." मागलं दार परसात उघडायचं आणि स्वयंपाकघरही तिथंच. "तिथं काय बघशील?" ग्यानबानं विचारलं. ती म्हणाली, "तुमचं तोंड बगून चाळीस वरसं काढली, आता थोडं दुसरं बी बगू द्या."

बाज मागल्या दारात आली. मग तिच्या लक्षात आलं की दिवसाउजेडी आपलं घर कसं दिसतं हे तिला माहीतच नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती अंधारात स्वयंपाक करून रानात जायची आणि अंधार पडताना घरी यायची. सकाळी दहाला ऊन परसात कुठवर येतं, दुपारी कडुलिंबाची सावली कुठं सरकते, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. स्वतःच्याच घरी पाहुणी आल्यासारखं तिला वाटलं, आणि त्याचाही थोडा राग आला.

दुसरी लढाई खाण्यावरून झाली. पाय मोडलेल्या बाईला बघायला सगळी आळी लोटली आणि प्रत्येकीच्या हातात बिस्किटाचा पुडा. कमलबाई तर दर दोन दिवसांनी यायची, पुडा ठेवायची आणि म्हणायची, "भाकरी जड असती द्वारके, हाड जुळेस्तोवर हलकं खावं." शिवशंकरनं औषधाच्या दुकानातून ताकदीच्या पावडरचा भला मोठा डबा आणला, त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र होतं. द्वारकाबाईनं तो डबा न फोडता मागल्या दाराला टेकवून ठेवला. वाऱ्यानं दार सारखं लागायचं, ते त्या दिवसापासून लागायचं थांबलं. बिस्किटं तिनं चिमण्यांना घातली. चिमण्यांनीही ती निम्मी टाकली.

"मला भाकर पायजे," तिनं जाहीर केलं. "हाड भाकरीवर वाढलं, भाकरीवरच जुळंल."

नुसतं जाहीर करून ती थांबली नाही. गॅसची शेगडी तिनं ओट्यावरून खाली घ्यायला लावली, बाजेच्या कडेला परात ठेवून घेतली आणि पाय लांब करून बसल्या-बसल्या ज्वारीच्या भाकरी थापायला सुरुवात केली. भाजी निवडणं, कांदा चिरणं, ताक घुसळणं, सगळं बाजेवरून. सून पुनम उठबस करायची आणि सासू हुकूम सोडायची. जेवण साधंच असायचं. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची आमटी, शेवग्याच्या शेंगा, थंडीत वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, कैरीची चटणी, वर ताक. चार पदार्थ एका वेळी कधी नसायचे. पण ताजी भाकरी पानात पडेपर्यंत तिची वाफ जात नव्हती, आणि असं गरम जेवण द्वारकाबाई आजवर दुपारचं कधी जेवली नव्हती. रानात दुपारी फडक्यातली गार भाकरी असते, आणि तीही उभ्या-उभ्या.

अजून एक गोष्ट तिनं सुरू केली. पुनमला ती शेजारी बसवून जेवायला लावू लागली. पुनम हट्टा गावची, लग्नाला दोन वर्षं झालेली, अंगानं काडी, बोलणं कमी. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून उरलंसुरलं खायची तिची सवय. "लेकराला पाजतीस आन् उरल्यालं खातीस?" द्वारकाबाईनं विचारलं. "बस इथं." पुनम बसली, पण दाराकडं एक डोळा ठेवून. सासरा येईल ही धास्ती तिच्या घासाघासात असायची.

आणि जेवता-जेवता द्वारकाबाई परस बघायची.

परस तसा काही मोठा नव्हता. मध्ये कडुलिंब, त्याखाली तांबडी आणि पाच हातांवर खुंट्याला बांधलेलं तिचं वासरू. उजव्या अंगाला कुंपण, बोरी-बाभळीचं. कुंपणालगत पुढच्या लावणीसाठी राखलेल्या हळदीच्या बेण्याचा ढीग, वरून हळदीच्याच वाळल्या पाल्यानं झाकलेला. पाला काढला की बेणं सुकतं, म्हणून जून उजाडेपर्यंत त्या ढिगाला कुणी हात लावत नाही. एवढंच. पण आठ दिवस एका जागी बसून बघितल्यावर द्वारकाबाईला कळलं की आपण या घरात राहतो असं उगीच म्हणतो. राहणारे दुसरेच आहेत.

सकाळी भारद्वाज कुंपणाच्या कडेनं चालत यायचा, तांबूस पंख, लाल डोळा, चाल मोठ्या जमीनदाराची. दुपारी एक मुंगूस पाण्याच्या हौदाखाली पाणी प्यायला यायचं आणि जाताना न चुकता मागं वळून बघायचं. सातभाई पक्षी तर दिवसभर. मातकट रंगाचे, अवतार गबाळा, सात म्हणतात पण ते नऊ होते, आणि नऊही एकाच वेळी बोलायचे. पहिल्यांदा तिला त्यांचा वैताग आला. मग कळलं की त्यांच्या कालव्याला अर्थ असतो. एक साधी बडबड, आणि एक खरी बोंब. खरी बोंब उठली की समजायचं, ढिगातली धामण बाहेर आली.

पहिल्यांदा दिसली तेव्हा द्वारकाबाईनं हातातला घास तसाच पानात ठेवला. पुरुषाच्या मनगटाएवढी जाड, सहा-सात हात लांब, पिवळसर तपकिरी. ऊन चढायच्या आत पाल्यातून डोकं काढायची, जीभ लवलववायची आणि अंग सोडून कुंपणाकडं जायची. सातभाई वरून शिव्या देत तिच्यामागं. ती ढुंकून बघत नसे. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं तिला उंदीर धरताना पाहिलं, चौथ्या दिवशी दुसरा, मग तिसरा. दरवर्षी या ढिगात उंदीर बिळं करायचे. यंदा पाल्याची खसफस पार थांबली होती. द्वारकाबाईनं मनाशी म्हटलं, बाई, तू माझ्यापेक्षा जास्त राबतीस, आणि तुला कुणी दूध प्यायला सांगत नाही. तिनं घरात ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगितलं असतं तर काठ्याच निघाल्या असत्या.

आणखी एक गोष्ट ती बघत होती आणि सांगत नव्हती.

दुपारी एकच्या सुमाराला घर निजायचं. ग्यानबा रानात नाहीतर पारावर. द्वारकाबाई डोळ्यांवर पदर घेऊन पडायची, आणि पदर विरलेला होता. त्या वेळेला वासरू हंबरायचं. आधी बारीक, मग जीव काढल्यासारखं. तांबडी दावं ताणून त्याच्याकडं बघायची. घरात झोळीतली पोरगी जागी व्हायची, रडायची, पुनम तिला पाजायची. पाजून झालं की पुनम सासूकडं एकदा बघून, पायातली जोडवी वाजू नयेत म्हणून चवड्यांवर, परसात उतरायची आणि वासराचं दावं सोडायची. वासरू धावत आईकडं. पुनम तिथंच उभी राहायची, तांबडीच्या पाठीवर हात ठेवून. पंधरा मिनिटांनी वासराला ओढून परत खुंट्याला बांधायची आणि आत यायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय असायचं ते द्वारकाबाईला पदरातूनही दिसायचं.

पहिल्या दिवशी ती उठून बोलणार होती. घरच्या लक्ष्मीचं दूध असं चोरून सोडतात का? पण ती उठली नाही. का उठली नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं, पण ते आठवायची तिची तयारी नव्हती. ती पडून राहिली. दुसऱ्या दिवशी पदर डोळ्यांवर जरा जास्तच ओढून पडली, म्हणजे पोरीला बिनघोर वाटावं.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. संध्याकाळची धार निम्म्यावर आली.

ग्यानबा हवालदिल झाला. वैरण बदलली, सरकी वाढवली, तांबडीला मीठ चाटवलं. वासरू पीत असेल म्हणून दोनदा अवचित येऊन बघितलं, पण वासरू बिचारं खुंट्याला. ग्लास काही भरेना. "डॉक्टरनं सांगितलंय ना ग्लासभर," तो अर्धा ग्लास हातात धरून कळवळून म्हणायचा. तो वाईट माणूस नव्हता. चाळीस वर्षांत बायकोसाठी काय करावं हे त्याला पहिल्यांदाच कुणी इतकं स्पष्ट सांगितलं होतं, आणि नेमकं तेच जमेना.

अशा वेळी नरसिंग आला नसता तरच नवल. नरसिंग म्हणजे ग्यानबाचा चुलतभाऊ, शेजारीच राहणारा. त्याला ठाऊक नाही अशी गोष्ट गावात नव्हती, आणि त्यानं स्वतः पाहिलेली एकही नव्हती. त्यानं तांबडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसला, गाईच्या मागच्या पायांकडं बोट दाखवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बग दादा. वळ."

दोन्ही पायांवर, गुडघ्यांच्या जरा वर, केस झिजून गोल वळ उठले होते.

"धामण," नरसिंग म्हणाला. "पायाला आटे घालती, गाईला हलू देत न्हाई, आन् थानाला लागती. माझ्या आजोळच्या आज्यानं डोळ्यानं बगितलं व्हतं. परवा ह्या कुंपनात मला शेपूट दिसलंच व्हतं, म्हणलं उगीच काहून बोला."

द्वारकाबाई बाजेवर शेंगा मोडत होती. तिच्या हातातली शेंग तिथंच राहिली. ते वळ कशाचे हे तिला पक्कं माहीत होतं. तांबडी लाथा मारायची, म्हणून धार काढताना ग्यानबा स्वतःच्या हातानं तिचे मागचे पाय दोरीनं आवळून बांधायचा, दिवसातून दोनदा. त्याच दोरीचे ते वळ, आणि तोच माणूस आता ते वळ बघून तोंडावर हात ठेवत होता.

"उद्या सकाळी," नरसिंग म्हणाला, "ढिगाला मिरचीची धुरी देऊ. भाईर आली का दोन काठ्या. काम तमाम."

त्या संध्याकाळी पुनमच्या हातून दोन भांडी पडली. द्वारकाबाईनं ते बघितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण इथं चोर तरी कोण? वासरू आपल्या आईचं दूध पीत होतं आणि एक लेकुरवाळी ते पिऊ देत होती. खरं सांगावं तर पोरीला सासऱ्यापुढं, नरसिंगापुढं, म्हणजे उद्या दुपारपर्यंत सगळ्या गावापुढं, घरच्या दुधाची चोर ठरवावं लागेल. गप्प बसावं तर त्या मुक्या जनावराचा जीव जाईल, तोही या घरचे उंदीर खाल्ल्याबद्दल. द्वारकाबाईनं दोन्ही बाजूंनी विचार केला आणि मग ठरवलं की यातलं एकही होणार नाही. कसं होणार नाही ते मात्र अजून ठरलं नव्हतं.

सकाळी शिवशंकर कामाला गेला. दहाच्या सुमाराला नरसिंग आला, काखेत दोन काठ्या, हातात निखाऱ्यांचं घमेलं. ग्यानबानं मूठभर लाल मिरच्या आणल्या. सातभाईंनी कडुलिंबावरून साधी बडबड चालवली होती. म्हणजे धामण अजून आत होती.

"शिवशंकरचे बाबा, थांबा," द्वारकाबाई म्हणाली.

"तू पडून ऱ्हाय."

ती पडून राहिली नाही. बाजेच्या उशाशी लोखंडी वॉकर होता. तो तिनं ओढला, चांगल्या पायावर उभी राहिली, आणि एकेक उडी मारत दारातून उतरली. परसात पंचवीस पावलं असतील. महिन्याभरात ती न्हाणीघराच्या पलीकडं गेली नव्हती. चौथ्या उडीला तिला घाम फुटला. पुनम धावली, तिला तिनं हातानंच थांबवलं. ग्यानबा "अगं, अगं" करत राहिला तोवर ती ढिगापाशी पोचली, वॉकर बाजूला केला, प्लास्टरचा पाय लांब पसरला आणि सरळ बेण्याच्या ढिगावर बसली.

"उठ तिथून! खाली साप हाय!"

"असू द्या. चावायची असती तर महिनाभर कशाची वाट बगत व्हती? मी रोज बगून राहिले तिला. रोज. उंदीर खाती. गाईकडं एक दिस गेली न्हाई."

नरसिंग हसला. "वैनी, तुमी झोपल्यावर जात आसंल."

"नरसिंग भाऊजी, चोखायला ओठ लागतात. धामणीला ओठ असतात का? कवा बगितलेत? आन् ही गाय, ही आपल्या धन्याला लाथा मारती म्हणून तिचे पाय बांधावे लागतात. ती सापाला उभी राहून पाजंल व्हय? ते वळ दोरीचे हायेत. दोरी आना आन् लावून बगा, न्हाई बसली त्यात बराबर तर मला सांगा."

ग्यानबानं गाईच्या पायांकडं बघितलं, मग खुंटीवर टांगलेल्या दोरीकडं. तो मापायला गेला नाही. गरज नव्हती. पण त्याचा प्रश्न तसाच उरला होता, आणि तो त्यानं विचारला, "मग दूध जातंय कुठं?"

पुनम दाराच्या चौकटीला धरून उभी होती, काखेत पोरगी.

"वासरू पितंय," द्वारकाबाई म्हणाली. "दुपारी मी सोडते."

"तू?"

"मी."

"ह्या पायानं?"

"व्हय. ह्याच पायानं. आत्ता आले ना इथवर?"

ग्यानबा खुंट्यापाशी गेला आणि वाकला. वासराच्या दाव्याची गाठ त्यानं बोटांत धरली. धारेला तो फक्त गळ्यातला फास काढायचा, खुंट्याची गाठ सोडत नसे. घरात कुणाची गाठ कोणती हे त्याला माहीत होतं. बायकोची गाठ दोन माणसांनी ओढूनही सुटत नसे. त्यावरून तो चाळीस वर्षं कुरकुरला होता. ही गाठ लहान पोराच्या झबल्याच्या बंदासारखी होती, एक टोक ओढलं की मोकळी. त्यानं मान वर करून सुनेकडं बघितलं. पुनमचा चेहरा उतरला.

"मामा," ती म्हणाली, "मी..."

"तू गप," द्वारकाबाईनं तोडलं. "मी सांगून राहिले ना. मी सोडते म्हणजे मी सोडते. आन् इथून पुढं बी सोडणार हाय."

"पन काहून?" ग्यानबाचा आवाज चढला. "तुझ्या हाडासाठी ते दूध. मी इथं जीव टाकून राहिलो, आन् तू वासराला पाजतीस?"

आता द्वारकाबाईला ते बोलावंच लागलं. इतकी वर्षं जे तिनं आठवू दिलं नव्हतं ते आपोआप तोंडाशी आलं, आणि तिनं ते अडवलं नाही.

"शिवशंकर दोन महिन्यांचा व्हता," ती म्हणाली. "हळद काढणी चालू व्हती. मला रानात धाडलं, लेकरू झोळीत. दुपार झाली का माझी चोळी भिजायची. मी तुमाला म्हणलं, अर्ध्या घंट्यात पाजून येते. तुमी काय म्हणलाव? आठवतं?"

ग्यानबाच्या बोटांत अजून दाव्याची गाठ होती.

"म्हणलाव, लोक काय म्हणतील, कामाच्या टायमाला बाई घरला पळती. लेकरू इथं हंबरल्यावानी रडत असंल, आन् मी तिकडं बांधाआड बसून दूध मातीत पिळत व्हते. रोज. पुरी काढणी. तुमच्याच रानात." ती थांबली. मग नरसिंगकडं बघून म्हणाली, "ते दूध कोन्या धामणीनं पिलं, इचारा नरसिंगला. त्याच्या आज्यानं बगितलं आसंल."

नरसिंगनं घमेलं उचललं. निखारे विझत आले होते. "उन्हं चढली," असं काहीतरी म्हणत तो कुंपणाच्या वाटेनं गेला, आणि एक काठी तिथंच विसरला. साप-साप म्हणून भुई धोपटायला आलेल्या माणसाला भुईदेखील मिळाली नाही.

माफ कर वगैरे ग्यानबा म्हणाला नाही. त्याला तसलं बोलता येत नसे आणि द्वारकाबाई त्याची वाटही बघत नव्हती. तिला बरं वाटत होतं आणि वाईटही. एवढ्या वर्षांचं बोलून झालं होतं, पण बोलल्यानं ती दुपार काही परत येणार नव्हती. शेवटी ग्यानबा जवळ आला आणि म्हणाला, "चल, धर मला. ऊन लागंल."

"पुनमला बोलवा," ती म्हणाली. "तिचा हात बराबर बसतो."

त्या दिवशी दुपारी आमटी-भाकरी झाली. द्वारकाबाईनं पदर डोळ्यांवर घेतला नाही. ग्यानबा पारावर गेला नाही. भिंतीला टेकून बसला. एकच्या सुमाराला वासरू हंबरलं. झोळीत पोरगी कुसकुसली. पुनम जागची हलेना.

"जा, लेकराला घे," द्वारकाबाई म्हणाली. आणि मग नवऱ्याकडं न बघता, "तुमी तेवढं वासरू सोडा. माझा पाय दुखून राहिला."

ग्यानबा उठला. गाठ एका ओढीत सुटली.

संध्याकाळी धार निम्मीच निघाली. ग्यानबानं सवयीनं ग्लास आणून बायकोपुढं धरला. तिनं तो घेतला, वासानं नाक मुरडलं आणि हाक मारली, "पुनम, इकडं ये. हे तुझं."

"आत्याबाई, डॉक्टरनं तुमाला..."

"डॉक्टरनं माझं हाड बगितलं, माझं घर न्हाई बगितलं. माझं ताक-भाकरीवर भागतं. पाजणारी तू हायेस."

पुनमनं ग्लास घेतला आणि नेहमीप्रमाणं दाराआड वळली.

"तिकडं कुठं?" द्वारकाबाई म्हणाली. "इथं बस. ह्यांच्यापुढं बसून पी."

पुनमनं सासऱ्याकडं बघितलं. ग्यानबा पायरीवर बसून तंबाखू मळत होता; त्याचा हात थांबला. मग तो एवढंच म्हणाला, "बस, बाई." पुनम बाजेच्या कडेला टेकली. पहिला घोट तिनं मान खाली घालूनच घेतला. दुसऱ्या घोटाला तिचे डोळे भरले, तरी ती पीत राहिली, आणि ग्लास पार रिकामा करूनच खाली ठेवला.

तेवढ्यात कडुलिंबावर सातभाईंची खरी बोंब उठली. पाला हलला. धामण ढिगातून बाहेर आली, आज परसाला वळसा घालून, पायरीपासून चार हातांवरून, घाई न करता, कुंपणाकडं निघाली. नरसिंगची विसरलेली काठी ग्यानबाच्या हाताशीच भिंतीला टेकवलेली होती. त्यानं पाय वर उचलून घेतले आणि ती जाईपर्यंत तसाच बसून राहिला.